वहिनीची गार बोटं

माझ्या भाचीचं लग्न हिमालयातल्या एका आडगावात ठरलं, तेव्हा घरात सगळ्यांना एकाच माणसाचा घोर लागला होता, तो तिच्या बापाचा. माझा हा भाऊ चाळीस वर्षं बोटीवर आहे, विड्या ओढतो, आणि डॉक्टरचं नाव काढलं की फाटकं जाळं पुढ्यात घेऊन बसतो. एवढ्या उंचावर त्याची छाती टिकेल का, हीच चर्चा. तिच्या आईचा, म्हणजे माझ्या वहिनीचा, कोणी विचारही केला नव्हता. आम्ही सगळे चुकीच्या माणसाकडे बघत होतो. पोरीच्या लग्नात वहिनीला उभं राहता येईल की नाही, हा खरा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर शेवटी मी दिलं. ते बरोबर होतं. तरी अजून माझ्या घशाखाली उतरलेलं नाही.

आमचा कोळीवाडा श्रीवर्धनच्या बाजूला, अगदी किनाऱ्यावर. वाड्यातून शिकून मास्तरीण झालेली पहिली बाई मी. तीस वर्षं पोरांना ओळीत उभं केलं. आता निवृत्त झाले, पण सवय काही गेली नाही. म्हणूनच भाचीने पुण्याहून फोन करून सांगितलं, "आत्या, पाहुण्यांची तयारी तू करून घे. बाबांचं कोणी ऐकणार नाही, तुझं ऐकतील." नवरामुलगा त्या गावचाच. तिकडे लग्नाला गावदेवाची पालखी येते आणि देव खिंड ओलांडून खाली उतरत नाही, म्हणून लग्न वरच लागणार. याला डेस्टिनेशन वेडिंग म्हणतात, असं भाचीने सगळ्यांना हौसेने समजावलं. वाड्यात त्या शब्दाचं दोन दिवसांत 'टेशन' झालं. जो तो मला वाटेत अडवून विचारायचा, "बाई, कुठचे टेशनावर हाय लगीन?" मी पहिल्या चार जणांना दुरुस्त केलं, मग नाद सोडला.

माणसं अठ्ठावीस. त्यांतल्या बावीस जणांनी घाट म्हणून फक्त महाबळेश्वर पाहिलेलं, तेही शाळेच्या सहलीत. थंडी म्हणजे काय हे त्यांना समजावणं हे पहिलं काम, आणि तिथेच मी आपटले. कोळ्याला बर्फाची भीती घालणार कशी? जन्म गेला बर्फाच्या लाद्या फोडण्यात. "बरफ काय आमाला नवीन हाय?" चुलतभाऊ म्हणाला, "बोटीचे खणात उतरून बघ एकदा, मंग सांग तुझा हिमालय." सगळे फिदीफिदी हसले. मी भाचीला कळवलं की तुझ्या माहेरची माणसं लुंगीवर येणार आहेत. तिने होणाऱ्या सासरच्या होमस्टेमधले, ट्रेकला येणाऱ्या लोकांसाठी ठेवलेले जाकिटांचे दोन मोठे गठ्ठे पाठवून दिले. भर ऑक्टोबरच्या उकाड्यात माझ्या अंगणात ती फुगीर जाकिटं घालून माणसं घामाने निथळत उभी राहिली. भाऊ आरशापुढे उभा राहून म्हणाला, "मी गॅसचा सिलिंडर दिसतंय."

बूट हा तर वेगळाच वैताग. अनवाणी रेतीत आणि बोटीच्या फळीवर वाढलेले पाय पुढून एवढे रुंद होतात की दुकानातला कुठलाच बूट चढत नाही. दोन नंबर मोठे घेतले, तर टाच आत पोहायला लागली. जाड मोजे घालून ते भरून काढले. मग सुकटीवरून भांडण झालं. देवाची पालखी घरात असेपर्यंत तिकडे मासळी चालणार नाही, हे मी कानीकपाळी ओरडून सांगत होते, आणि वहिनीच्या चुलत जाऊबाई जाकिटाच्या आतल्या खिशात सुके बोंबील शिवून घेत होत्या. मी खिसे उसवले. त्या तीन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

हे सगळं चालू असताना वहिनी कुठे होती? होती तिथेच. चहा करत होती, गठ्ठे सोडत होती, हसत होती. तिचं जाकीट तिने पहिल्याच दिवशी धुऊन वाळवून घडी घालून ठेवलं होतं. पोरीच्या लग्नासाठी घेतलेली हिरवी साडी तिने मला तीनदा दाखवली. ती म्हसळ्याच्या बाजारात मासळी विकते. पूर्वी डोक्यावर पाटी घेऊन वाड्यातून रस्त्यापर्यंत चालत जायची, मला मागे टाकायची. कोरोनात तिला अकरा दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. बरी होऊन आली, पण पाटी डोक्यावर घेणं तिने सोडलं. टेम्पोवाला दारात येऊ लागला. आम्ही तिला चिडवायचो, मालकीणबाई झाली म्हणून. ती म्हणायची, "व्हय तर! किती वर्सा मान मोडून घेवू?" आम्हाला ते पटलं होतं. पाटी का सोडली, हे मी एकदाही नीट विचारलं नाही.

निघण्याआधी तीन आठवडे मी सगळ्यांना चढाचा सराव म्हणून हरिहरेश्वरला नेलं. तिथला प्रदक्षिणेचा रस्ता डोंगर चढून पलीकडे खडकांत उतरतो, आणि ओहोटी असेल तेव्हाच करता येतो. ओहोटीची वेळ कोळ्यांना सांगावी लागत नाही. एवढ्या एका बाबतीत मला घड्याळ दाखवावं लागलं नाही. बूट घालून सत्तावीस जण खडखडत पायऱ्या चढले. भाऊ दोनदा खोकला, पण वर पोचला, आणि तिथे विडी पेटवून त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी तोंड फिरवलं. अठ्ठाविसावी वहिनी. ती देवळातच बसून राहिली. "मी देवाजवल थांबतंय, तुमी येवा फिरून," म्हणाली. आम्ही परत आलो तेव्हा ती खांबाला टेकून बसली होती आणि सगळ्यांच्या चपला नीट लावून ठेवल्या होत्या. मला राग आला. ज्यांच्यासाठी हे सगळं करायचं, त्याच आळस करतात, असं मी तिला सर्वांदेखत बोलले.

त्यानंतर भाचीचा आणखी एक हुकूम आला. गाव दहा हजार फुटांच्या वर आहे. पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येकाचं ऑक्सिजनचं माप आठवडाभर रोज घ्यायचं आणि तिला कळवायचं. बोटाला चिमट्यासारखं लावायचं ते यंत्र कोरोनात वाड्यात प्रत्येक घरी आलं होतं. माझं अजून चालू होतं. रोज संध्याकाळी मी वही घेऊन घरोघर फिरू लागले. चौऱ्याण्णवच्या खाली आलं तर डॉक्टर, असा नियम. भावाचं माप पंच्याण्णव यायचं, कधी सत्त्याण्णव. मी दुसऱ्या बोटाला लावून बघायचे, डाव्या हाताला लावायचे, यंत्र झटकायचे. विड्यांचा एवढा धूर गेला कुठे, देव जाणे. तो वाड्यात सांगत फिरू लागला की बाईचं मशीन माझ्या बाजूने आहे.

वहिनीचं माप पहिल्या दिवशी सत्त्याऐंशी आलं. मी दचकलेच. तर ती हसून म्हणाली, "आगो, आता बरफातून हात काडलाय मी. बघ किती गार हाय." खरंच तिची बोटं काकडली होती, टोकं पांढरी पडलेली. बोट गार असलं की हे यंत्र चुकतं, हे मला माहीत होतं. आमच्या वाड्यात तर कोरोनात त्यावरून किती गोंधळ झाला होता. चांगली धडधाकट बाई बाजारातून आली की यंत्र तिला आजारी ठरवायचं, आणि आरोग्यकेंद्राच्या आशाताई घाबरून रिक्षा बोलवायच्या. तेव्हापासून वाड्यात कोणाचा आकडा खाली आला की आधी विचारतात, बर्फात हात होता का? मी वहीत सत्त्याऐंशी लिहिलं आणि पुढे लिहिलं, 'बर्फ'. दुसऱ्या दिवशी अठ्ठ्याऐंशी, 'बर्फ'. तिसऱ्या दिवशी शहाऐंशी, 'बर्फ'. रोज तिचे हात तसेच गार. "जरा आधी पुसून ठेव ना हात," मी म्हणायचे. "आता कामातून उठलंय," ती म्हणायची. भाचीला मी कळवलं, आईचं ठीक आहे, गार हातांमुळे नीट येत नाही एवढंच.

पाचव्या दिवशी समुद्र खवळला. बंदरावर बावटा लागला, बोटी ओढून बांधल्या. सहाव्या दिवशीही तेच. मासळी नाही, बाजार नाही, बर्फाची गाडी वाड्याकडे फिरकली नाही. सातव्या दिवशी दुपारी मी वही घेऊन भावाच्या दारात गेले आणि हाक मारली. "आले, आले," आतून वहिनीचा आवाज आला, पण ती यायला बराच वेळ लागला. पदराने हात पुसत आली, समोर बसली आणि बोट पुढे केलं. बोट गार होतं. तेच, टोकाला पांढरं पडलेलं.

मी यंत्र लावलंच नाही. तिच्या बोटाकडे बघत राहिले. मग उठून सरळ मागच्या दारी गेले. मोरीत, बादलीच्या आड, स्टीलचा टोप होता. त्यात पाणी आणि फ्रिजमधल्या बर्फाचे चौकोनी तुकडे. शेजारणीकडून आणलेला प्लास्टिकचा ट्रे बाजूला पालथा घातलेला. माझी हाक ऐकून तिने टोपात हात बुडवून धरले होते, जमतील तितका वेळ. सात दिवस ती हेच करत होती. शेवटच्या तीन दिवसांत फक्त बर्फ बदलला होता, बोटीवरचा संपला म्हणून शेजारच्या फ्रिजमधला.

मी परत आले. ती बसल्या जागेवरून हलली नव्हती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले, तिचे दोन्ही हात माझ्या हातांत घेतले आणि चोळायला लागले. वहिनी या घरात आली तेव्हा मी बारावीत होते. आम्ही एकमेकींचा हात असा कधी धरला नव्हता. तिच्या तळहाताला कोयत्याचे जुने घट्टे आहेत, ते मला टोचत होते. हळूहळू बोटं ऊब धरू लागली. नखांखालचा रंग परत आला. मी मनात म्हणत होते की आता पंच्याण्णव येऊ दे, हा नुसता बाईचा वेडेपणा ठरू दे, मी तिला दोन शिव्या घालीन आणि चहा पिऊन घरी जाईन. यंत्र लावलं. आकडे वरखाली झाले आणि थांबले. अठ्ठ्याऐंशी. दुसऱ्या हाताला लावलं. अठ्ठ्याऐंशी.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दवाखान्यातून आले तवापासून. बसले तं काय न्हाय. चढ आला का दम लागतो."

"दादाला माहीत आहे?"

"त्यांना सांगितला तं ते जातील काय मना सोडून? बापपण जायाचा न्हाय, आयपण जायाची न्हाय. पोरीचे मागं कोन उभा राहील?" मग तिने माझं मनगट पकडलं. "एक दिवस, गो बाय. एकच दिवस उभी राहतंय मी. अक्षता पडल्या का मना खाली पाठव. मी कोनाला तरास देनार न्हाय. सांगू नको कोनाला."

मी म्हटलं, नाही सांगत. तिच्यासमोर दुसरं काही तोंडातून निघेना. पण घरी जाऊन वही उघडली आणि 'बर्फ', 'बर्फ', 'बर्फ' अशी माझ्याच अक्षरातली ओळ पाहिली. मी भाचीला लिहिलं होतं, आईचं ठीक आहे. वर, त्या खिंडीपलीकडे, हिला काही झालं तर दवाखाना सहा तासांवर. दुसऱ्या दिवशी सकाळी, तिला न विचारता, मी भावाला सांगितलं आणि भाचीला फोन लावला.

खरं सांगायचं तर मला बरोबर ठरायची सवय आहे. शिक्षकाचा तो रोगच असतो. फोन ठेवल्यावर मला आधी सुटल्यासारखं वाटलं, वाईट नंतर वाटलं. हा क्रम मी अजून स्वतःला माफ केलेला नाही.

भावाने तिला छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. मीही गेले; मला कोणी ये म्हटलं नव्हतं. डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला आणि शांतपणे सांगितलं की फुप्फुसावर कोरोनाचे व्रण आहेत, इथे समुद्राकाठी बसून यांना जेमतेम पुरतंय, वर हवाच विरळ आहे. "नेऊ नका," ते म्हणाले. वहिनीने विचारलं, "एक दिवस?" डॉक्टर म्हणाले, "एक दिवससुद्धा नाही." परत येताना गाडीत भाऊ खिडकीबाहेर बघत होता. पूर्ण वाटेत त्याने एकही विडी पेटवली नाही.

भाची फोनवर रडून रडून म्हणाली, लग्न पुढे ढकलू, खाली येऊन करू, मला ते गाव नको, पालखी नको. आता वहिनी तिच्यावर कडाडली. एवढा आवाज मी तिचा बाजारातही ऐकलेला नाही. "देवाला आवतण दिलाय ना तुमी? आवतण दिलेल्या देवाला कोन परत पाठवतो? लगीन ठरले दिवशी, ठरले जागी व्हयाला पायजे. तू रडत उभी राहिलीस तं माझी शपथ हाय तुला." मांडव इथे मागाहून घालू, तेव्हा मी आहेच, असं म्हणून तिने फोन बंद केला. पुढचे आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मी समोर बसलेली असताना भावाला सांगायची, "बाईला विचारा, च्या घेनार का."

तयारी मात्र चालू राहिली, कारण माणसं जाणारच होती. मी जाकिटांवर नावं लिहिली, गोळ्या पुड्यांत बांधल्या, कोणी कोणाचा हात धरून चढायचं ते ठरवून दिलं. हळद वहिनीने स्वतः दळली, डब्यात भरली आणि त्या बोंबीलवाल्या जाऊबाईंच्या हातात दिली. तो डबा माझ्या हातात न देण्याचं कारण सगळ्यांना कळलं. माझं जाकीट मी परत गठ्ठ्यात टाकलं. भाऊ म्हणाला, "तू चल, बाय. तुझ्याबिगर ही माणसं गाडीतपण नीट बसायची न्हाईत." मी नाही म्हटलं. तिला अडवून मी त्या मांडवात जाऊन अक्षता टाकू शकले नसते. बस सुटली तेव्हा वहिनी रस्त्यापर्यंत आली, सगळ्यांना हात केला, आणि माझ्याआधी घराकडे वळली. मी तिच्या मागून चालले. चढावर ती दोनदा थांबली, तेव्हा मीही मागे थांबले.

लग्नाच्या दिवशी सकाळी मी नवी साडी नेसून तिच्याकडे गेले. भाचीने सगळी व्यवस्था केली होती: मुहूर्ताआधी व्हिडिओ कॉल येणार, आईने फक्त फोन समोर ठेवून बसायचं. वहिनी दारात उभी राहून टेम्पोवाल्याकडून कोळंबीच्या पाट्या चढवून घेत होती. अंगावर रोजचीच साडी.

"आज बाजार?" मी विचारलं.

मध्ये बोलायला भाऊ नव्हता, म्हणून तिला माझ्याशी बोलावं लागलं. "आजच बाजार हाय."

"आणि फोन?"

"घरात हाय. मना फोनात बघायचा न्हाय."

मी टेम्पोत तिच्या शेजारी चढले. तिने मला उतर म्हटलं नाही.

म्हसळ्याच्या बाजारात मी मासळी घेणारी म्हणून शंभरदा गेले असेन, पण विकायला बसले नव्हते. तिने मला एक गोणपाट दिलं, त्यावर नव्या साडीनिशी बसले. तिने तोलून द्यायचं, मी पिशवीत भरायचं. समोरच्या दुकानात भिंतीवर घड्याळ होतं. मी बघायचं नाही असं ठरवूनही बघत होते, आणि तीही बघत होती. अकरा वाजले. सव्वाअकरा. मुहूर्त साडेअकराचा.

तिची नेहमीची एक गिऱ्हाईक आली, म्हसळ्यातलीच बाई, लेकीसाठी कोळंबी न्यायला. वहिनीने तोलून झाल्यावर आणखी दोन मुठी कोळंबी वर टाकली.

"अगं, आज एवढी मेहेरबानी कशी?" बाईने विचारलं.

"आज माझे पोरीचा लगीन हाय."

"माशाअल्लाह! मुबारक हो. कधी आहे, संध्याकाळी?"

वहिनीने समोरच्या घड्याळाकडे पाहिलं. "आता. आताच लागतंय."

बाईचं हसू थांबलं. तिने वहिनीकडे पाहिलं, पाट्यांकडे पाहिलं. "आता? आणि तुम्ही इथं कशा बसल्यात?"

"ही माझी ननंद," वहिनी म्हणाली. "हिला विचारा."

आणि ती पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. मी पिशवीला गाठ मारून बाईच्या हातात दिली. ती पिशवी घेऊन तशीच उभी राहिली, मी काय सांगते याची वाट बघत.